झुलमिराच्या कालवांची तपासणी

माझे डोळे बांधा, मला खाडीत उभं करा आणि हातात एक कालव द्या. ते कुणाच्या वाफ्यातलं आहे, हे मी नुसत्या कवचावर बोट फिरवून सांगेन! निदान परवाच्या सभेपर्यंत तरी मी हे छाती ठोकून सांगत होतो.

त्यातून माझ्या बायकोची, झुलमिराची कालवं तर मी झोपेतसुद्धा ओळखली असती. वाटीसारखी खोल, गुबगुबीत! तिनं माहेरच्या खाडीतून बी आणून आमच्या खाडीच्या तोंडाशी वाफा केला होता. बाकीच्यांची कालवं म्हणजे झिजलेल्या चपला! झुलमिरा जाऊन वर्ष झालं. मी रोज तिच्या वाफ्यातली पाटीभर कालवं काढतो आणि एकटाच बसून खातो, तरी वाफा काही कमी होत नाही. मी मनाशी म्हणायचो, गेली तरी बाई माझ्या पोटाची काळजी घेते!

आणि आमच्या कालववाल्यांच्या सोसायटीला कालवं टांगून वाढवायच्या नव्या मांडवांसाठी नेमकी तीच जागा हवी होती.

"वाफा उचलावा लागेल, आदेलिनो," बेलार्मिनो म्हणाला. हा माझा शेजारी आणि सोसायटीचा अध्यक्षही.

"हात लावून बघ! ती कालवं वेगळ्या जातीची आहेत!"

"अरे, आपल्या बाहियाच्या किनाऱ्याला जाती दोनच. एक तिवराच्या मुळांवरची, दुसरी तळाची."

"तिसरी माझ्या बायकोची!"

बेलार्मिनोनं डोकं खाजवलं. "मग तपासून घेऊ. वेगळी निघाली तर बियाण्याचा वाफा म्हणून राखू. नाही निघाली तर उचलू. कबूल?"

"कबूल!" हरण्याचा प्रश्नच नव्हता.

साल्वादोर शहरातल्या विद्यापीठातून इवोनेची नावाची डॉक्टरीण आली. पोरसवदा बाई, चिखलात गुडघाभर रुतली तरी हसत होती. मी तिला वाफा दाखवला. "बघा बाई, आकारच सांगतो की नाही?"

"आकाराचं काही खरं नाही, काका. कालव जिथं वाढतं तसं होतं. जात कळते ती डीएनएवरून."

शहाणी आहे, पण अजून लहान आहे, असं मी मनात म्हटलं. एकेक कालव उघडून तिच्यापुढे धरू लागलो आणि सवयीनं वर लिंबू पिळलं.

"काका! लिंबू नको!"

"लिंबाशिवाय?"

"हे मशीनमध्ये जाणार आहे!"

मशीनचं मला वाईट वाटलं. मग तिनं बेलार्मिनोच्या आणि इतरांच्या वाफ्यांतलेही तुकडे घेतले आणि ती गेली.

निकालाच्या दिवशी अख्खा गाव सोसायटीच्या पडवीत जमला. मी लग्नातला कोट घालून पुढे बसलो होतो. जातीला झुलमिराचं नाव द्यायला मिळालं तर दोन शब्द बोलावे लागतील, म्हणून तेही पाठ केले होते.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "झुलमिराबाईंच्या वाफ्यातली सगळी कालवं साधी, तळाच्या जातीची आहेत. आणि बरीचशी तर बेलार्मिनोंच्या कालवांची सख्खी भावंडं निघाली."

सगळ्यांना कळलं. शहरातल्या कालव-पैदास केंद्रातून एकाच आईबापाची पिल्लं विकत आणणारा गावात बेलार्मिनो एकटाच!

मी ताडकन उठलो. "चोरा! माझ्या बायकोची कालवं पळवलीस आणि तुझ्या चपला आणून ठेवल्यास!"

बेलार्मिनो लाल झाला. सगळी सभा खाली बघू लागली. शेवटी माझी मेव्हणी दोर्वालिना उठली.

"दाजी, बसा खाली. मला एक सांगा, कुणाच्या घरचं माणूस गेलं की शेजारी काय करतात?"

"त्याच्या वाफ्यात गुपचूप आपली पाटी ओततात. तो सावरेपर्यंत."

"सावरला हे कसं कळतं?"

"तो स्वतः दुसऱ्याच्या वाफ्यात पाटी टाकतो तेव्हा."

"बेलार्मिनोची आई गेली तेव्हा तुम्ही टाकलीत ना?"

"टाकली की!"

"मग माझी बहीण गेल्यावर काय झालं असेल?"

मी खाली बसलो. खरं सांगतो, दुखवट्याचं घर म्हणजे दुसऱ्याचं घर, हेच माझ्या डोक्यात बसलेलं. ते आपलंही असू शकतं, हे मला सुचलंच नव्हतं.

"वर्षभर ओततोय रे!" बेलार्मिनोला आता कंठ फुटला. "दुःखात माणसाची भूक मरते म्हणतात. तुझी कधी मरणार?"

"पण ती तर वाटीसारखी होती..." मी पुटपुटलो.

"तिथल्या पाण्यात कुठलंही कालव तसंच होईल, काका," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या. मग त्यांनी वही उघडली. "पण झुलमिराबाईंची मूळ कालवं मग कुठं मिळतील? खरंच वेगळी असतीलही. एक तुकडा पुरे."

सगळी सभा माझ्या पोटाकडे बघू लागली.

"सुरी देऊ का, बाई?" बेलार्मिनोनं विचारलं.

"काही उपयोग नाही," दोर्वालिना म्हणाली. "ती लिंबू पिळून गेलीत."

मग मतं घ्यायची वेळ आली. वाफा कोण कोण उचलणार? एकही हात वर होईना. प्रत्येकाची पाटी त्यात पडलेली, स्वतःचा माल स्वतःच कोण उपटणार? पाठ केलेले दोन शब्द खिशात आणि वाफा जागच्या जागी!

दुसऱ्या दिवशी ओहोटी लागल्यावर मी झुलमिराच्या वाफ्यातून पाटी भरली आणि बेलार्मिनोच्या वाफ्यात नेऊन ओतली. तो काठावर उभा राहून बघत होता.

"सावरलास वाटतं?" त्यानं विचारलं.

मी मान डोलावली. त्याचीच कालवं त्याला परत देत होतो म्हणा! पण वाटीसारखी करून.