पाय मोडावा तर जर्मनीत

आमच्या गल्लीत कुणाचा पाय मोडला, की बाकीचे टांगा शोधतात आणि शंकरअण्णा देश शोधतात.

"बंड्या, चुकलास की रं! जर्मनीत मोडायचा हुतास. घरात बसून पगार! पर आदी हप्ता भरलेला पायजे, बरं का."

अण्णा उद्यमनगरात एका फौंड्रीत साचे करतात. मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर, तेही अर्थशास्त्र घेऊन. अण्णा मला 'बी.ए.' अशीच हाक मारतात, पण ऐकत कधी नाहीत. वाचनालयातले जुने पेपर चघळून येतात आणि कट्ट्यावर बसून जगाचा विमा उतरवतात. विलायतेत म्हातारपणी साहेबाला आणि हमालाला सारखंच पेन्शन. जर्मनीत मोठ्या पगाराला मोठं पेन्शन. म्हातारीला दमा लागला तर स्वीडन, सुनेला दिवस गेले तर फ्रान्स. यातलं निम्मं खरं असतं. कुठलं निम्मं, ते त्यांनाही ठाऊक नसतं.

"भरंल त्याला मिळंल," हे पालुपद. दारी आलेल्या भिकाऱ्यालाही तेच ऐकवतात. देत काही नाहीत.

मयताच्या घरी मात्र पहिले हजर. त्या घरी चूल पेटत नाही, शेजारपाजारचे जेवण नेतात. त्यात पहिलं पातेलं अण्णांचं. बायको नाही, पोर नाही; पिठलं स्वतःच रांधतात, गुठळ्यांसकट. खाणारा आधीच रडत असतो म्हणून निभावतं. आणि पातेलं ठेवता ठेवता तिथंही, "विलायतेत मयताचा खर्च सरकार देतंय, पावणं."

परवा बाबूमिया मिस्त्रींची आई गेली. तिथनं परतताना मी अण्णांना डिवचलं.

"भरंल त्याला मिळंल म्हणता, मग ही फुकटची पिठली कशाला?"

"फुकट? हप्ता हाय त्यो! माझ्या वक्ताला गल्ली आणंलच की."

पदवी गप्प बसू देईना. म्हणालो, "आणील. पण अण्णा, तुमच्या वक्ताला तुमच्या घरात जेवायला असणार कोण?"

अण्णा थांबले. रिकामं पातेलं या हातातून त्या हातात घेतलं. कुठलाच देश सापडेना.

"व्हय की," एवढंच म्हणाले.

माझं दार आलं तरी पुढं जाईनात. मग खालच्या आवाजात म्हणाले,

"बी.ए., त्या दिवशी तुझी चूल बंद ठिवशील का रं? लोक आणतील, ते तू जेव."