आय टुक द फोटो

भावोजी स्वतःविषयी बोलायला लागले की आवाज एक पट्टी खाली आणायचे. ‘‘माणूस माझ्या दुकानाची पायरी चढतो,’’ ते म्हणायचे, ‘‘आणि त्याने तोंड उघडायच्या आत मी ओळखतो, याच्या नजरेत काहीतरी दोष आहे. याला म्हणतात गुप्तहेराचं निरीक्षण.’’

दुकान चष्म्यांचं होतं. एवढं निरीक्षण दुकानाच्या शटरलाही जमेल, असं त्यांचा मेहुणा एकदा बोलून गेला. तेव्हापासून भावोजी चारचौघांत त्याची ओळख ‘माझा मदतनीस, अजून कच्चा आहे’ अशी करून देत.

मेहुण्याची लॉन्ड्री दुकानाला लागूनच. त्याला एका जहाजावरच्या लॉन्ड्रीत नोकरी मिळण्याची आशा होती. मुलाखत इंग्रजीत, आणि तीही आता उद्यावर आलेली. म्हणून तो बाईंच्या संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गाला जायचा. भावोजी का जायचे? तर गुन्हेगार हल्ली इंग्रजीत पळतात म्हणून.

बाई क्रियापदांच्या बाबतीत कडक. प्रत्येक नामाचं लग्न ठरलेल्या क्रियापदाशीच लागतं, असं त्यांचं मत. मिस्टेकचा संसार मेकशी, होमवर्कचा डूशी, शॉवरचा टेकशी. का, ते विचारायचं नाही. दुसऱ्याच्या संसारात नाक खुपसू नये. मेहुण्याचं घोडं इथेच अडायचं. आपण हाक मारतो, थाप मारतो, गप्पा मारतो, दांडीसुद्धा मारतो. एका ‘मार’वर आयुष्य काढलेल्या माणसाने हे संसार लक्षात ठेवायचे कसे? उद्या आपण साहेबांसमोर कुणालातरी ‘हिट’ करून बसणार, या धास्तीने त्याची झोप उडाली होती.

फळ्याच्या वर सरांचा फोटो असायचा. सर म्हणजे बाईंचे यजमान. वर्ग त्यांनीच सुरू केला होता. ते गेल्यापासून कुणी ‘डू अ मिस्टेक’ म्हटलं की बाई फोटोकडे बघायच्या, जणू विचारताहेत, ऐकलंत ना?

त्या संध्याकाळी फोटो जागेवर नव्हता. खिळाही नव्हता. भिंतीला नुसतं भोक.

बाई खडू हातात धरून उभ्या राहिल्या. ‘‘आज मला शिकवणं जमणार नाही,’’ त्या म्हणाल्या, आणि मराठीत म्हणाल्या. वर्गात इंग्रजीखेरीज बोलायचं नाही हा नियम खुद्द बाईंनी मोडलेला पाहून सगळे चपापले. मेहुण्याचा हा शेवटचा सराव होता, आणि मुलाखतीला लागणाऱ्या प्रमाणपत्रावर बाईंची सही व्हायची होती.

भावोजी उठले. त्यांनी दार लावून घेतलं. ‘‘नोबडी गो. आय मेक इन्व्हेस्टिगेशन.’’

‘‘कॅरी आउट,’’ बाई सवयीने म्हणाल्या.

‘‘आउट नाही बाई. सगळ्यांना आत ठेवूनच करणार.’’ मग ते वर्गाकडे वळले. ‘‘हू टुक द फोटो?’’

मागच्या बाकावरून फोटोग्राफरने हात वर केला. ‘‘आय टुक द फोटो.’’

इतक्या लवकर गुन्हा कबूल होईल असं भावोजींनाही वाटलं नव्हतं. ‘‘व्हाय?’’

‘‘सर टोल्ड मी.’’

‘‘व्हेअर?’’ भावोजींनी विचारलं. आवाज जरा चिरकला होता.

‘‘इन द गार्डन. आय सेड, स्माइल. सर स्माइल्ड.’’

भावोजी मेहुण्याच्या कानाशी लागले. ‘‘गेलेला माणूस चोरी करायला सांगतो आणि वर हसतो. प्रकरण साधं नाही.’’

‘‘भावोजी, त्यांनी तो फोटो काढला होता, असं म्हणताहेत ते.’’

‘‘मी दुसरं काय म्हणतोय? भिंतीवरून काढला.’’

‘‘कॅमेऱ्याने काढला.’’

‘‘म्हणजे साथीदारही आहे,’’ भावोजी म्हणाले आणि साथीदार शोधायला पुढच्या बाकाकडे गेले.

तिथे नर्सबाई नाक पुसत बसल्या होत्या. आपल्याकडे का बघताहेत ते त्यांना कळेना, म्हणून त्यांनी खुलासा केला. ‘‘आय कॉट अ कोल्ड.’’

‘‘व्हेअर इज ही?’’

‘‘हू?’’

‘‘मिस्टर कोल्ड. यू कॉट. गिव्ह मी.’’

नर्सबाई शिंकल्या, आणि त्यांच्याकडे जे होतं त्यातलं थोडंफार भावोजींना मिळालंही.

रुमालाने चेहरा पुसताना भावोजींची नजर मेहुण्याच्या बाकाखाली गेली. तिथे वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक चपटं पुडकं होतं. फोटोच्याच आकाराचं.

‘‘ही इज गोइंग फार,’’ भावोजी वर्गाला सांगू लागले. ‘‘शिप. थीफ ऑल्वेज गोइंग फार. नात्यागोत्याला माझ्याकडे थारा नाही. ओपन.’’

सगळ्या माना मेहुण्याकडे वळल्या. बाईंचीही वळली. इतरांचं त्याला काही वाटलं नाही, पण बाईंची ती नजर त्याला लागली. त्याने मुकाट्याने पुडकं सोडलं. आत पुठ्ठ्यावर घडी घातलेला पांढरा सदरा होता, उद्याच्या मुलाखतीचा. त्याने अख्खी दुपार त्या इस्त्रीवर घालवली होती. भावोजींनी पुरावा शोधायला कॉलरमध्ये बोटं घातली, बाही झटकली, घडी विस्कटली आणि म्हणाले, ‘‘हम्.’’

मेहुण्याच्या डोक्यात तिडीक गेली.

‘‘यू मेड अ मेस,’’ तो म्हणाला. ‘‘यू ऑल्वेज मेक अ मेस. यू मेक अ नॉइज, यू मेक एक्स्क्यूझेस, यू नेव्हर डू युवर होमवर्क. यू टेक अप माय टाइम. यू टेक माय आयर्न अँड यू नेव्हर गिव्ह इट बॅक. आय हॅव अ हेडेक. माय सिस्टर हॅज अ हेडेक. प्लीज डू मी अ फेवर. सिट डाउन अँड टेक अ ब्रेक.’’

बाईंची बोटं नकळत क्रियापदं मोजू लागली होती, आणि चुकीसाठी एकही बोट परत मिटावं लागलं नव्हतं.

तेवढ्यात दार ढकलून ताई आत आली. ही मेहुण्याची थोरली बहीण आणि भावोजींची बायको. ती तडक फळ्यापर्यंत गेली. ‘‘अहो, ड्रॉवरची किल्ली घेऊन आलात. गिऱ्हाईक खोळंबलंय.’’

‘‘इंग्लिश प्लीज,’’ भावोजी म्हणाले.

‘‘की,’’ ताई म्हणाली, आणि किल्ली घेऊन माघारी वळली. दोन पावलं गेली आणि वर बघत थांबली. ‘‘बाई, सरांचा फोटो दारावर लावलात ते बरं केलंत. इथून सगळ्यांवर नजर राहते.’’

अख्खा वर्ग मागे वळला. दारावरच्या भिंतीवर सर हसत होते.

बाईंनी चष्मा काढला, पर्समधून जुना चष्मा काढून लावला आणि बराच वेळ पाहत राहिल्या. ‘‘सकाळी वायरमन आला होता,’’ त्या हळूच म्हणाल्या. ‘‘खिळा हलतोय, डू समथिंग, असं मी त्याला सांगितलं होतं.’’

त्याने समथिंग केलं होतं.

‘‘पण बाई, आम्ही पाठमोरे,’’ नर्सबाई म्हणाल्या. ‘‘तुमच्या तर तो डोळ्यांसमोर होता.’’

बाईंनी नवा चष्मा टेबलावर ठेवला. तो त्यांनी मागच्याच आठवड्यात भावोजींकडून करून घेतला होता.

‘‘सवय व्हायला वेळ लागतो,’’ भावोजी शुद्ध मराठीत म्हणाले आणि पंखा निरखू लागले.

वर्ग सुटल्यावर बाईंनी प्रमाणपत्रावर सही केली. ‘‘मीही तुझ्याकडे तसंच बघितलं. माझं चुकलं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘उद्या आजच्यासारखंच बोल. एकही चूक नव्हती.’’

‘‘ते रागाच्या भरात निघालं, बाई. उद्या साहेबांसमोर कुठून आणू?’’

बाईंनी जिना उतरणाऱ्या भावोजींकडे पाहिलं. ‘‘देन टेक हिम विथ यू.’’

दुसऱ्या दिवशी भावोजी मोठ्या आनंदाने निघाले. मुलाखतीच्या खोलीला काचेचं दार होतं. आत मेहुणा परत इस्त्री केलेला सदरा घालून बसला होता. साहेबांनी कागद चाळले आणि विचारलं, घर सोडून महिनोन्‌महिने समुद्रावर राहायची तुम्हाला एवढी इच्छा का?

मेहुण्याला उत्तराच्या जागी नुसतं ‘हिट’ आठवलं. त्याने काचेबाहेर नजर टाकली. भावोजी गुडघ्यांवर बसून, दुसऱ्या एका उमेदवाराचा पाय उचलून धरून त्याच्या बुटाचा तळ तपासत होते.

‘‘सर,’’ मेहुणा म्हणाला, ‘‘हॅव यू गॉट अ लिटल टाइम?’’

आणि तो बोलत सुटला. मेक मेकच्या जागी, डू डूच्या जागी, टेक टेकच्या जागी. मध्येच साहेबांनी खुर्ची वळवली आणि काचेतून बाहेर पाहिलं. ते बराच वेळ पाहत होते. मग त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

‘‘व्हेन कॅन यू जॉइन?’’