शकूकाकीचं आजचं

धसईच्या बाजारात शकूकाकीने एकदा उलटा भाव केला. भाजीवाली वांग्यांचे वीस रुपये सांगत होती, काकी म्हणाली पंचवीस देते. भाजीवाली घाबरली. तिने वांगी हलवून पाहिली, काकीकडे निरखून पाहिलं आणि शेवटी अठरालाच देऊन मोकळी झाली. काकी तिथून तडक आमच्या घरी आली आणि पिशवीसुद्धा खाली न ठेवता मला म्हणाली, "सुजे, वही काढ. आजचं झालं."

हे कसं सुरू झालं ते मला नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही. मी मुरबाडला कॉलेजला जाते. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मीच पहिली, त्यामुळे मॅडम सांगतील ते सगळं मी करते. मराठीच्या मॅडमनी रोज एक पान रोजनिशी लिहायला सांगितली. पहिल्या दिवशी मी लिहिलं, 'उठले. कॉलेजला गेले. आले. जेवले. झोपले.' दुसऱ्या दिवशी लिहिलं, 'कालच्यासारखंच.'

काकी आमची शेजारीण. तिला वाचता येत नाही, पण दुसऱ्याने काय लिहिलंय ते कळल्याशिवाय चैन पडत नाही. मी वाचून दाखवलं. मला वाटलं हसेल. ती म्हणाली, "माझं पण असंच हाय गो."

तिचा मुलगा संजू चाकणला कंपनीत आहे. रोज दिवेलागणीला फोन करतो. काय चाललंय, तर काय नाय. जेवलीस का, तर जेवले. ठेवू? ठेव. चुलीवरचा चहा उकळायच्या आत फोन संपलेला असायचा. काकीला तो लांबवायचा होता, पण सांगायला काही नसायचं.

मग ती सांगण्यासारखं काहीतरी करायला लागली. ते मी लिहायचं, तिला वाचून दाखवायचं, मग तिने संजूला सांगायचं. नियम एकच. "खोटं नको लिवू. घडलं नाय तर मी घडवते."

एकदा तिने शेळी नेहमीच्या खुंट्याला न बांधता पेरूला बांधली. शेळीने पेरूची साल सोलली आणि काकांनी दिवसभर काकीला. म्हशाच्या जत्रेत तर तिने एका बैलाचे दात पाहिले, खूर पाहिले, त्याला चालवून दाखवायला लावलं. व्यापाऱ्याने चहा पाजला. चहा संपल्यावर काकी म्हणाली, "घरी इचारून येते," आणि सरळ एसटीत बसली.

तुला खरंच घ्यायचा होता का, मी विचारलं.

"बैल? येडी का तू?"

काका ओट्यावरून म्हणाले, "एक दिवस तो बैलवाला घर शोधत येल. मग लिवा पानभर."

फोन मात्र लांबत गेला. पलीकडून संजूचं हसणं आमच्या पडवीत ऐकू यायचं. आणि माझीही पानं भरायला लागली. आमच्या एसटीचा कंडक्टर डुलकी घेतानाही तिकिटाचं मशीन लेकरासारखं छातीशी धरतो, हे मी दोन वर्षांत पहिल्यांदाच पाहिलं.

जत्रेनंतर काकी तापाने पडली. संध्याकाळी मी वही घेऊन गेले, तर ती गोधडीत तोंड घालून होती. दिवसभर आढं बघितलं, त्याचं काय लिहिणार, म्हणाली. जत्रेतलंच पुन्हा सांग, असं मी भीतभीत सुचवलं. तिने मान हलवली. "कालचं नको."

फोन वाजला. काकी नुसती बघत राहिली. शेवटी मीच उचलून स्पीकरवर लावला.

"आये, आज काय केलंस?"

"काय नाय रे. आज कायच नाय."

आता 'ठेवू?' येणार, म्हणून मी वही मिटली. पलीकडे संजू खाकरला.

"मग माझं सांगू? आज शिफ्ट सुटल्यावर मुद्दाम दुसऱ्या रस्त्यानं आलो. म्हटलं, आयेला सांगायला काय घावतंय का बघू."

काकी उठून बसली. फोनवर तळहात ठेवून तिने माझ्याकडे पाहिलं.

"उघड वही," ती हळूच म्हणाली. "त्याचं लिव."