मेयरसाहेबांची छत्रछाया

पुन्ता बाकाव या किनाऱ्यावरच्या गावात मेयर गालारिन यांचा चेहरा नाही अशी जागा शोधून सापडत नसे. शाळेतली पोरं पास झाली की फलकावर मेयर त्यांचं अभिनंदन करत. गावात कुणी मेलं की दुसऱ्या फलकावर तेच दात दाखवत शोक व्यक्त करत, कारण साहेबांचा न हसणारा फोटो नगरपालिकेकडे नव्हताच. मासळीबाजारातल्या मुतारीवरसुद्धा ते 'आपल्या सेवेत' हसत उभे होते. सुटली होती ती फक्त मानांग लोलेंगसारख्यांच्या घरांची छपरं. यंदाच्या वादळाने तीही उणीव भरून काढली.

लोलेंग ही सुकी मासळी विकणारी विधवा. गावातले सगळे तिला मानांग, म्हणजे थोरली ताई, म्हणत. वादळात तिच्या छपराचे पत्रे खाडीपलीकडे गेले आणि घरात लेक मिलाग्रोस दिवस भरत आलेली. जावई दूरच्या जहाजावर. लोलेंगचं देवाकडे आणि सरकारकडे एकच मागणं होतं, बाळ यायच्या आत डोक्यावर पत्रे पडू देत. म्हणजे चढू देत.

"पत्रे निघालेत गं," वस्तीचा कारभारी कापितान तेओ म्हणाला. "तोवर हा जत्रेतला फलक घे, सगळ्यांनाच वाटतोय. कापड जाड आहे. वर 'जत्रेच्या शुभेच्छा' लिहिलंय, पण पावसाला कुठे वाचता येतं?"

लोलेंग रीतभात पाळणारी बाई. साहेबांचं तोंड उन्हापावसात खराब होऊ नये म्हणून तिने छापील बाजू आत केली.

"आई, याच्यासमोर कपडे बदलायची लाज वाटते मला," मिलाग्रोस कुरकुरली. "केवढं थोबाड आहे मेल्याचं!"

"डोळे मिट की मग."

"मी मिटून काय उपयोग? त्याने मिटायला हवेत!"

कापितान तेओ पाहणीला आला आणि त्याने कपाळाला हात लावला. "मानांग, साहेबांना आत कोंडलंस होय? छप्पर कुणी दिलं ते लोकांना कळायचं कसं?"

फलक उलटला. आता आढ्यावर घडी पडली आणि साहेबांचा एक डोळा समुद्राकडे, दुसरा चर्चकडे लागला. शेजाऱ्याचा झुंजीचा कोंबडा नेमका त्यांच्या कपाळावर जाऊन बसू लागला आणि कोंबड्याने जे करायचं ते करू लागला. लगोलग नगरपालिकेची नोटीस आली: 'लोकप्रतिनिधींच्या प्रतिमेची विटंबना.' तेव्हापासून लोलेंग रोज सकाळी शिडी लावून साहेबांचं तोंड धुऊ लागली.

"नवऱ्याची कधी एवढी सेवा केली नाही मी," ती वरून ओरडून सांगे.

मग पत्र्यांसाठी घरं तपासायला समाजकल्याणच्या मिस ज्युवी आल्या.

"घराला छप्पर आहे?"

"फलक आहे, बाई."

"मी काय विचारलं? छप्पर आहे की नाही?"

"आहे, पण गळतं."

"कुठून?"

"साहेबांच्या डाव्या डोळ्यातून."

मिस ज्युवींचं पेन थबकलं. सरकारी कागदावर असं कसं लिहिणार? विचार करून त्यांनी नोंद केली: 'मेयरसाहेबांना गहिवरून आले.'

"मग असं करते," लोलेंग म्हणाली, "फलक काढूनच टाकते. मग तरी छप्पर नाही ना?"

"साहेबांना खाली उतरवणार? तेही निवडणुकीच्या तोंडावर? मानांग, जरा जपून बोला."

अशा रीतीने गावात बिनछपराचं एकही घर नाही, हे सिद्ध झालं. तेवढ्यात पत्रे आले. ते परत पाठवले असते तर पुढच्या वादळाला सरकारने हात आखडता घेतला असता. धक्क्यावरचा साहेबांचा सर्वांत मोठा फलक बिचारा उघड्यावर भिजत होता. सगळे पत्रे त्याच्यावर घातले.

पुढच्या पावसात लोलेंगच्या घरातला डावा डोळा धो धो वाहू लागला आणि त्याच वेळी मिलाग्रोसला कळा सुरू झाल्या. दवाखान्याचा रस्ता पाण्याखाली. शेजारपाजारी जावं तर सगळ्यांच्याच डोक्यावर साहेब गळत होते. कोरडी जागा एकच होती. खाटेसकट उचलून मिलाग्रोसला धक्क्यावर नेलं आणि त्या पत्र्यांखाली, साहेबांच्या दातांसमोर, तिला मुलगा झाला.

सकाळी मेयर फोटोग्राफर घेऊन हजर. "माझ्या छपराखाली जन्मलेलं पहिलं लेकरू!" म्हणून त्यांनी बाळ उचललं. लोलेंगच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे पत्रे माझे आहेत, माझी लेक उघड्यावर बाळंत झाली, सगळं तिच्या ओठांवर आलं होतं. जमलेले लोकही तेच कुजबुजत होते.

"साहेब, हे पत्रे..."

"मानांग, फोटो काढतायत! हस!" कापितान तेओने हळूच ढोसलं.

आणि ती हसली. सगळेच हसले. घरी येईपर्यंत तिला स्वतःची इतकी चीड आली की तिने दुपारचा भात तसाच ठेवला.

निवडणुकीत मेयर पुन्हा दणक्यात निवडून आले. लोलेंगनेही मत त्यांनाच दिलं. विरोधकाचा फलक एवढासा होता, त्यात स्वयंपाकघरसुद्धा झाकलं नसतं. विजयाचा नवा फलक मिळाला, बाळासकटचा. त्यावर बाळाचे फक्त पाय आले होते. निवडणूक झाली, आता कोण बघतंय, म्हणून छपरावर घालताना तिने तोंड पुन्हा आत केलं.

बाळ चार महिन्यांचं झालं. खाली पडल्या पडल्या वर बघून ते एक दिवस खुदकन हसलं आणि हात पसरू लागलं. मिलाग्रोसला रडू फुटलं.

"बापाला अजून पाहिलं नाही गं याने, आणि या मेल्याकडे बघून हसतोय!"

"हसू दे," गळत्या डोळ्याखाली बादली सरकवत लोलेंग म्हणाली. "त्याला कळत नाही, म्हणून तो हसतो. आपण त्या दिवशी का हसलो गं?"

तुमच्या चौकातल्या फलकाखाली उभं राहून तुम्ही विचार करून बघा. सावली बरी पडते तिथे.