ऐन ऑक्टोबरातला कोट

या महिन्याचं पेन्शन कुणाला कळू न देता घरी आणायचं, असा रा सेबेगो यांचा पक्का बेत होता. (आमच्याकडे मानाने पुरुषाला रा म्हणतात, बाईला म्मा.) दरवेळी पोस्टातून घरी येईपर्यंत वाटेत चार भाचे, दोन पुतणे आणि चर्चची वर्गणी भेटायची, अन् हाती उरायची पिठाची पिशवी. या खेपेला मात्र बायकोचा, म्हणजे म्मा सेबेगोंचा, चष्मा घ्यायचाच होता. बाईंना दिसत नव्हतं, त्यामुळे चवळीत रोज खडे येत होते. रा सेबेगोंचे सहाच दात उरलेले. ते जपायला हवे होते.

म्हणून त्यांनी कोट चढवला. कोटाला आतला खिसा होता, खिशाला पिन. बाहेर जमीन तव्यासारखी तापली होती. आमच्याकडे असल्या उन्हात पुरुष कोट घालतो तो एकाच कामासाठी, मयतीला जायला. सगळा जन्म गावात काढलेल्या माणसाला हे आठवू नये, याला काय म्हणावं?

वाटेत शेजारच्या म्मा मोकोबी भेटल्या. "कुणाकडे हो, रा?"

पेन्शनचा सुगावा लागू नये म्हणून त्यांनी मान खाली घातली. "घरचंच आहे," म्हणाले आणि सटकले.

घरात माणसं दोन. त्यातलं एक कोट घालून चाललेलं. म्मा मोकोबींनी काय ते ओळखलं.

पैसे घेऊन रा सेबेगो परतले, तर अंगणात काळी हंडी चढलेली, शाली पांघरलेल्या म्हाताऱ्यांची प्रार्थना चाललेली, आणि मधोमध खुर्चीत साक्षात म्मा सेबेगो.

"आलात? मी गेले म्हणे. मला तरी सांगायचंत."

"अगं, मग यांना घरी पाठव की."

"तुम्हीच पाठवा."

त्यांनी नजर फिरवली. सगळी पेन्शनवरची मंडळी, आणि त्यांची पोस्टातली पाळी परवाची. बाई जिवंत निघाल्याचा सगळ्यांना आनंद झाला होता, पण उठत कुणी नव्हतं. शालींखाली ताटल्या होत्या. पेन्शनमध्ये महिन्याचे वीस दिवस निघतात; उरलेले दहा गावातल्या मयतींवर काढायचे. मागच्याच मयतीत आपणही दोनदा वाढून घेतलं होतं, हे रा सेबेगोंना आठवलं.

पिन निघाली. पाव आले, साखर आली, कोंबड्या आल्या.

"चष्मा गेला," ते पुटपुटले.

"खरंच मेले असते तर गाय कापावी लागली असती. स्वस्तात सुटलात."

पुढच्या महिन्यात ते नुसत्या सदऱ्यावर निघाले. कुंपणापाशी म्मा मोकोबी उभ्या होत्या. त्यांनी सदरा नीट पाहून घेतला.

"आज कुणीच नाही का, रा?"

"कुणीच नाही, म्मा."

"बरं." त्यांनी शालीखालची ताटली या हातातून त्या हातात घेतली.

रा सेबेगो दहा पावलं गेले, थांबले आणि मागे वळले. "येताना पाव आणतो. चहाला या आमच्याकडे. पण एकट्याच या हं."

एकोणीस जण आले. चवळीत अजून खडे येतात, आणि रा सेबेगोंचे आता पाच दात उरलेत.