डॅशबोर्डमागची टकटक

भिमाजी आव्हाड स्वतःला मेकॅनिक म्हणवून घेत नसत. गंगापूर रोडवरच्या त्यांच्या गॅरेजवर ‘वाहन-रहस्य तज्ज्ञ’ अशी पाटी होती, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला ते मिशीवरून हात फिरवत सांगत, “मी गाडी दुरुस्त करत नाही. मी गाडीकडून कबुली घेतो.” कबुली झाली की दुरुस्ती त्यांची मदतनीस तृप्ती करायची. तिच्याकडे ऑटोमोबाइलचा डिप्लोमा होता आणि नऊ वर्षांचा अनुभव. पाटीवर मात्र तिच्या नावाला जागा नव्हती.

एप्रिलमधल्या एका सकाळी साडेआठला उज्वलाताईंची गाडी आली. उज्वलाताई घरी केक करतात. मागच्या सीटवर एकीकडे तीनमजली केक होता आणि दुसरीकडे नेसून तयार झालेल्या सासूबाई, सावित्रीबाई. बारा वाजता केक येवल्याच्या लग्नात उभा हवा होता. लग्नाची ही त्यांची पहिलीच ऑर्डर. पण एसी पार गारच्या टोकाला फिरवला तरी तोंडावर गरम झुळूक यायची, आणि डॅशबोर्डच्या आतून टक, टक, टक. वरच्या मजल्यावरचा क्रीमचा गुलाब मान टाकायच्या बेतात होता. केक शेजारच्या डेअरीच्या थंड खोलीत, श्रीखंडाच्या डब्यांजवळ हलवला.

तृप्तीने बॉनेट उघडून एसीचा पाइप चाचपला. गार होता. म्हणजे गारवा तयार होत होता, आत येताना अडत होता. डॅशबोर्डमागे गरम आणि गार हवा अडवणारी एक झडप असते, ती फिरवायला मुठीएवढी मोटर असते, तिला ॲक्च्युएटर म्हणतात, टकटक तिचीच असणार, असं तिने सांगितलं. भिमाजींनी ऐकून घेतलं, म्हणजे तिचं बोलणं संपेपर्यंत ते थांबले.

“उंदीर,” ते म्हणाले.

मग डॅशबोर्डवर तीन शेंगदाणे ठेवून सगळ्यांना दहा मिनिटं श्वास रोखून धरायला लावला. उंदीर आला नाही. शेंगदाणे भिमाजींनी पुरावा म्हणून खाल्ले.

मग आवाज ठरावीक अंतराने येतो, यावरून कोणीतरी आत यंत्र बसवलंय असं ठरलं. केक वितळला तर आनंद कुणाला होईल, असं त्यांनी विचारलं. उज्वलाताईंनी क्षणभरही न थांबता जावेचं नाव घेतलं. सासूबाईंनी खाकरून दाखवलं. भिमाजींनी दोन्ही नोंदवून घेतलं. त्यानंतर त्यांनी टकटक मोजली, ती अकरा भरली, गाडीच्या नंबरातल्या आकड्यांची बेरीजही अकरा आली, आणि ते एकदम गंभीर झाले.

तोवर तृप्तीने पुढचा कप्पा काढून, तीन स्क्रू सोडवून मोटर बाहेर घेतली होती. हाताने फिरवूनही झडप अर्ध्यातच थांबत होती. आत काहीतरी अडकलंय, ती म्हणाली.

“हळकुंड असेल,” सावित्रीबाई म्हणाल्या.

सगळे वळले.

“पाडव्याला गाडीची पूजा केली तेव्हा काचेखाली पाच मांडली होती. हिने वळणावर ब्रेक मारला, त्यात एक काचेजवळच्या वाऱ्याच्या फटीत गेलं. म्हटलं, देवाचंच आहे, राहिलं आत तर बरंच.”

“अहो आई, मग सांगायचं नाही का?”

“मला कोणी विचारलं? हे भाऊ उंदराला विचारत होते.”

तृप्तीने लांब तोंडाच्या पकडीने हळकुंड ओढून काढलं. त्यावर कुंकू अजून शाबूत होतं. झडप सैल झाली, पण महिनाभर अडथळ्यावर आपटून मोटरचे प्लॅस्टिकचे दाते झिजून गेले होते. नवी मोटर संध्याकाळशिवाय मिळणार नव्हती, आणि सोडली की झडप आपोआप गरमकडे कलंडत होती. पावणेदहा झाले होते. उज्वलाताईंचे डोळे भरून आले.

“कोणीतरी धरून बसायला हवं,” भिमाजी म्हणाले, आणि आपण केस अर्धवट सोडत नसल्याचं जाहीर करून पुढच्या सीटसमोरच्या पाय ठेवायच्या जागेत मुटकुळं करून शिरले. एक बोट झडपेच्या दांड्यावर. गार वारा सुटला. स्टिअरिंगवर उज्वलाताई, मागे सासूबाई आणि तृप्ती, मध्ये डेअरीतून परत आणलेला केक.

निफाडपर्यंत ते स्वतःच्या जुन्या केसेस सांगत होते. विंचूरजवळ खालून बारीक आवाज आला, “तृप्ती, हे बांधून ठेवायला काहीच नाही का गं?”

तृप्तीच्या खिशात प्लॅस्टिकच्या बांधपट्ट्यांचं अख्खं पाकीट होतं. “बघते, सर,” ती म्हणाली, आणि खिडकीतून कांद्याच्या चाळी बघू लागली.

बाराच्या ठोक्याला केक येवल्याच्या मांडवात ताठ उभा राहिला. भिमाजींना उभं राहायला साडेबारा वाजले.