सातही सदस्य सुखरूप

जो प्रवास छापून आला नाही तो झालाच नाही, याबद्दल आता जाणकारांत मतभेद उरलेले नाहीत. वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावच्या वनभ्रमंती मंडळाने हे तत्त्व एक पाऊल पुढे नेलं. त्यांनी प्रवास आधी छापला आणि मग केला.

याला सबळ कारण होतं. गावातला छापखाना दिवाळी झाली की लग्नपत्रिकांत बुडतो तो फेब्रुवारीपर्यंत डोकं वर काढत नाही. मोहीम होती डिसेंबरात: अरुणाचलच्या पूर्व टोकाचं वर्षावन, पाठीवर सॅक, पाच दिवस पायी. परत आल्यावर अहवाल लिहायचा तर तो शिळा होणार. म्हणून सचिव धम्मरत्न याने ऑक्टोबरातच मोहिमेचा दिवसवार अहवाल लिहून दिला आणि पाचशे प्रती निघाल्या. अहवाल झकास उतरला होता. (जे घडलेलं नसतं ते नेटकं लिहिता येतं.)

अहवालानुसार मोहिमेत सात सदस्य सहभागी झाले, ते असे: अध्यक्ष फूलचंद (मालेगावचे कापड व्यापारी, जंगलाचा अनुभव नाही, माइकचा दांडगा), भोजनप्रमुख कंचनबाई (अध्यक्षांच्या पत्नी, मोहिमेतल्या एकमेव कामाच्या व्यक्ती), छायाचित्रप्रमुख पारस (अध्यक्षांचा पुतण्या), शिस्तप्रमुख उदयसिंग (शिट्टी स्वतःची), औषधप्रमुख जगदेव (शिरपूरला औषधांचं दुकान, स्वतः काढा घेतात) आणि सचिव धम्मरत्न (मंगरूळपीरच्या एका कार्यालयात कारकून, न झालेल्या सभांची इतिवृत्तं लिहिण्याचा वीस वर्षांचा सराव).

प्रत्येक सॅकचं वजन तेरा किलो होतं. पैकी नऊ किलो थेपले, खाखरे आणि शेव, दोन किलो मंडळाचे फलक आणि अहवालाच्या प्रती. उरलेल्या दोन किलोत कपडे, औषधं आणि निसर्गप्रेम बसवण्यात आलं.

धम्मरत्नचे वडील इंद्रभान सगळ्यांच्या मागे चालत. त्यांनी उभा जन्म रोजंदारीवर रस्त्याची कामं केली. त्या कामाची रीत अशी की सकाळी मुकादम हजेरीपटावरून नावं पुकारतो. ज्याचं नाव आलं तो फावडं उचलतो, ज्याचं आलं नाही तो खाली बसतो. तक्रार करायची नसते. टीव्हीवर एकदा त्यांनी धनेश पाहिला, ती भली मोठी पिवळी चोच पाहिली, आणि म्हणाले, "मरायच्या आंदी हे पाखरू एकडाव पाहीन." धम्मरत्नने मंडळाला वर्षावन सुचवलं ते एवढ्यासाठी. अर्थात मंडळाला त्याने जैवविविधता असं कारण सांगितलं होतं. इंद्रभान बोलत नसत. त्यामुळे ते आहेत हे सगळ्यांना ठाऊक असे आणि कोणाच्याच ध्यानात नसे.

जंगलात मोहीम शिस्तीत चालली. रोज सकाळी उदयसिंग शिट्टी वाजवून त्या दिवशी काय घडलं ते अहवालातून मोठ्याने वाचत, आणि मंडळ ते घडवायला निघे. पहिल्या दिवशी मुसळधार पावसाने स्वागत केलं होतं. प्रत्यक्षात थेंब पडला नाही, तेव्हा पारसने बाटलीतलं पाणी अध्यक्षांवर ओतून छायाचित्र घेतलं. (एकूण छायाचित्रं ६१२. अध्यक्ष समोरून ५९०, अध्यक्ष पाठमोरे १९, चुकून जंगल ३.) अहवालात जळवा नव्हत्या, पायांवर होत्या. कंचनबाई एकेक जळू न दुखावता सोडवून पानावर ठेवत. मंडळाने तिकडे लक्ष दिलं नाही, कारण पुरवणी छापायची सोय नव्हती.

तिसरा दिवस भरगच्च होता. अहवालात लिहिलं होतं: महावृक्षाखाली अध्यक्षांचं भाषण, धनेशदर्शन, हजेरी, पुढे कूच. महावृक्ष सापडला. सोबतच्या स्थानिक वाटाड्याने हळूच खुणावलं की याच झाडावर धनेश बसतात, गप्प राहा. अध्यक्षांनी 'निसर्ग आणि शांतता' या विषयावर बावीस मिनिटं भाषण केलं. धनेश आले नाहीत. तेव्हा धनेश दिसल्याचा ठराव जगदेवने मांडला, पारसने अनुमोदन दिलं आणि पक्षी सर्वानुमते दिसला. मग धम्मरत्नने अहवाल उघडून छापील यादीवरून हजेरी घेतली. प्रत्येक नावाला खणखणीत "हजर" आलं. शिट्टी झाली आणि मंडळ निघालं.

दोन तासांनी मुक्कामाची जागा आली. त्या मुलखात डिसेंबरात साडेचारच्या आतच सूर्य मावळतो, आणि कंचनबाई दिवस मावळल्यावर जेवत नाहीत. म्हणून त्यांनी तीनलाच जेवणाचे पुडे वाटले; वाटाड्याची शिदोरी वेगळी होती. वाटून झाल्यावर त्या हातातल्या पुड्याकडे बघत राहिल्या.

"सात बांधले होते मी," त्या म्हणाल्या. "एक उरला. जेवलं नाही ते कोन?"

"पुडाच जास्तीचा बांधला असन," जगदेव म्हणाला.

"हजेरीत सारे हजर होते," फूलचंद म्हणाले. "यादीतला एक बी मानूस कमी नाही. मंग हरवलं कोन?"

धम्मरत्नने मागे पाहिलं. मागे झाडं होती. त्याने अहवाल काढून स्वतः लिहिलेली यादी तीनदा वाचली. पदाधिकाऱ्यांची पदं त्याने हौसेने लिहिली होती. बापाला पद नव्हतं. त्याने तो पुडा घेतला, वाटाड्याचा हात धरला आणि पळत सुटला.

"सचिवसाहेब, कुठं चाल्ले?" मागून फूलचंद ओरडले. "तिसऱ्या दिवशी कोनी मांगं गेल्याचं अहवालात नाही!"

इंद्रभान त्याच झाडाच्या मुळावर बसले होते, सॅक मांडीवर घेऊन. उजेड उतरत आला होता.

"बाबा! काहून थांबले तुमी इथं?"

"तूच तं हाजरी घेतली," इंद्रभान म्हणाले. "माह्यं नाव आलं नाही. म्हनलं, पुढं आपलं काम नसन. बसलो मंग."

धम्मरत्नला रडू फुटलं. इतकी लाज त्याला आयुष्यात कधी वाटली नव्हती. त्याने पुडा पुढे केला. बापाने तो सोडला, अर्धा थेपला आधी पोराच्या हातात दिला आणि वर बोट दाखवलं.

"तुमी गेले अन् थे पाखरं आले. पंखाचा आवाज असा, का गोधडी झटकून राह्यलं कोनी. आता उडाले. सात होते. मी मोजले."

इंद्रभान सापडले ही बाब मंडळाने मान्य केली नाही, कारण मग ते हरवले होते हेही मान्य करावं लागलं असतं. धनेश त्यांना एकट्यालाच दिसला यावर चर्चा झाली. तो आधीच सर्वांना दिसलेला असल्याने वेगळ्या नोंदीची गरज नाही, असं ठरलं.

मालेगावला परतल्यावर अहवालाचं थाटात प्रकाशन झालं. यादीत वडिलांचं नाव पेनाने लिहितो, पाचशे प्रतींत एकटा लिहितो, अशी धम्मरत्नने विनंती केली. "खाडाखोड बरी दिसन का, सचिवसाहेब?" अध्यक्ष म्हणाले, आणि प्रती वाटल्या गेल्या. धम्मरत्नने सचिवपद सोडलं. तो आता मंडळाचा साधा सदस्य आहे, म्हणजे पुढच्या यादीत तोही नसेल.

अहवाल लोकांना फार आवडला. कौतुकाची एकोणीस पत्रं आली. दोघांनी शुद्धलेखनाच्या चुका दाखवल्या, एकाने कागद चांगला असल्याचं कळवलं. सात सदस्यांच्या यादीबद्दल कोणीच काही लिहिलं नाही.

त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. ती यादी आम्ही वर जशीच्या तशी उतरवून दिली आहे. कंसातला मजकूर तेवढा आमचा. आपणही ती वाचलीत, कंसांना हसलातही असाल, आणि पुढे निघालात. तीत नावं सहा आहेत.